'सका निरुत्ती' : धम्म सांगण्याच्या भाषेचा इतिहास

भारत सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ज्या पाच भाषांना अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्यांत मराठी आणि पाली या दोहोंचा एकाच निर्णयाने समावेश झाला. बौद्ध समाजाला याचा आनंद होणे स्वाभाविक होते. पालीला हा मान मिळावा ही मागणी जुनी होती. आणि आमच्यासारख्या पालीच्या अध्यापनावर उपजीविका करणाऱ्यांना तर तिचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. परंतु या आनंदाच्या भरात एक प्रश्न बाजूला पडला, असे आम्हांस वाटते. भगवान बुद्धांचा धम्म बहुजनांपर्यंत पोहोचला तो त्याच्या भाषेला कोणी थोर मानले म्हणून, की ज्यांना कोणी थोर मानत नव्हते त्यांच्या बोलीत तो सांगितला गेला म्हणून? आपली धम्मनिष्ठा दुसऱ्याच्या अंतःकरणापर्यंत न्यावयाची तर ती कोणत्या शब्दांत न्यावी, या प्रश्नाचा विचार खुद्द तथागतांनी केला होता. त्याचा पुरावा विनयपिटकात आहे.

चुल्लवग्गातील खुद्दकवत्थुक्खंधक हे प्रकरण नावाप्रमाणेच किरकोळ बाबींचे आहे. दातवण, वस्तरा, आरसा, फणी अशा गोष्टींविषयीचे नियम त्यात येतात. याच किरकोळ नियमांच्या गर्दीत यमेळु आणि तेकुल या दोन भिक्खूंचा प्रसंग आला आहे. हे दोघे सख्खे भाऊ, ब्राह्मण कुळात जन्मलेले, वाणी मधुर, उच्चार स्पष्ट. त्यांनी तथागतांकडे तक्रार केली की, निरनिराळ्या नावांचे, गोत्रांचे, जातींचे आणि कुळांचे लोक आता प्रव्रजित होत आहेत आणि ते आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवीत आहेत. तेव्हा आम्ही ते छंदस् मध्ये बसवितो. तथागतांनी ही सूचना नुसती अमान्य केली असे नाही. त्यांनी त्या दोघांची निर्भर्त्सना केली, असे करणे हा दुक्कट आपत्तीचा दोष ठरविला आणि बुद्धवचन 'सकाय निरुत्तिया' शिकण्याची अनुज्ञा दिली.

या तक्रारीची रचना वाचकांनी बारकाईने पाहावी. पालीच्या वर्गात हा उतारा बहुधा भाषेच्या प्रश्नावरचा म्हणून शिकविला जातो. पण तक्रारीचा पूर्वार्ध भाषेविषयी नाहीच. तो माणसांविषयी आहे. कोण बोलतो, कोणत्या जातीचा बोलतो, हे आधी. कसे बोलतो हे नंतर. बुद्धवचन अशुद्ध होते ते त्या त्या तोंडांमुळे, हा त्यातील भाव आहे. शुद्ध भाषेचा आग्रह हा पुष्कळदा शुद्ध तोंडांचा आग्रह असतो, हे आपल्या समाजाला निराळे समजावून देण्याची गरज नाही. आणि योगायोग असा की, ज्या विनयात हा प्रसंग आहे तो विनय परंपरेनुसार राजगृहाच्या प्रथम संगीतीत सांगितला तो उपालीने. उपाली हा शाक्यांचा न्हावी. यमेळु-तेकुलांची तक्रार मान्य झाली असती, तर विनय सांगावयास उपाली बसला असता काय?

'सका निरुत्ती' म्हणजे कोणाची स्वतःची भाषा, याविषयी मात्र पंडितांत एकमत नाही. आचार्य बुद्धघोषांनी समंतपासादिका या विनयाच्या अट्ठकथेत तिचा अर्थ सम्यक्संबुद्धांनी वापरलेली मागधी, असा केला. छंदस् म्हणजे वेदाप्रमाणे संस्कृत भाषेतील पठणपद्धती, असेही त्यांनी सांगितले. ऱ्हीस डेव्हिड्स आणि ओल्डेनबर्ग यांनी १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी भाषांतरात ज्याची त्याची स्वतःची बोली, असा अर्थ घेतला. पुढे १९१६ साली विल्हेल्म गायगर यांनी पालीविषयीच्या आपल्या ग्रंथात पुन्हा बुद्धघोषांची बाजू उचलली. गायगर यांचा मुद्दा व्याकरणाचा आहे आणि तो हलका नव्हे. तरीही आम्ही ऱ्हीस डेव्हिड्स आणि ओल्डेनबर्ग यांच्याच बाजूचे आहोत. कारण साधे आहे. दोघा भावांच्या तक्रारीत जे शब्द आले आहेत तेच शब्द तथागतांच्या अनुज्ञेत आले आहेत. तक्रारीत त्यांचा अर्थ त्या त्या भिक्खूंची बोली असा उघड होतो. मग दोन-चार वाक्यांनंतर त्याच शब्दांचा अर्थ मागधी कसा होईल? शिवाय धर्मगुप्तक संप्रदायाचा विनय, जो पाचव्या शतकात चिनी भाषेत गेला, त्यातही हा प्रसंग आहे. तेथे अनुज्ञा अशी दिली आहे की, त्या त्या देशातील लोकांना समजेल अशा रूढ भाषेत बुद्धवचन पठण करावे व शिकावे. दोन वेगळ्या परंपरांनी हा प्रसंग सांभाळला आणि त्यातील एकीने त्याचा अर्थ निःसंदिग्ध करून ठेवला, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

बुद्धघोषांवर आकस धरण्याचे कारण नाही. ते पाचव्या शतकात सिंहलद्वीपात अनुराधपूरच्या महाविहारात आले, तेव्हा तेथील अट्ठकथा सिंहली भाषेत होत्या. इतर देशांच्या भिक्खूंना त्या समजत नव्हत्या. म्हणून त्यांनी त्या मागधीत आणल्या. त्यांच्या पुढचा श्रोता बहुदेशीय भिक्खुसंघ होता, आणि त्या श्रोत्यासाठी पाली हीच समान भाषा होती. त्यांच्यामुळे थेरवाद समुद्र ओलांडून टिकला. एवढेच की, देशोदेशींच्या भिक्खूंना जोडणारी भाषा ही गावातल्या उपासिकेची भाषा नव्हती, आणि दोन्हींची गल्लत आजही होते.

त्याच प्रकरणात या प्रसंगापासून फार दूर न जाता आणखी एक हकिकत आहे. ती आम्हांस विशेष प्रिय आहे. तथागत धम्मदेशना करीत असता त्यांना शिंक आली. भिक्खूंनी 'जीवतु' म्हणून एकच गलबला केला आणि देशना खंडित झाली. तथागतांनी विचारले, शिंकणाऱ्यास असे म्हटल्याने तो जगतो किंवा मरतो काय? भिक्खू म्हणाले, नाही. तेव्हा असे म्हणू नये, असा नियम झाला. विवेकबुद्धीचा नियम, त्यात शंका घेण्यासारखे काही नाही. पुढे एका भिक्खूला शिंक आली आणि गृहस्थांनी त्याला दीर्घायुष्य चिंतिले. नियम मोडू नये म्हणून तो गप्प राहिला. लोक नाराज झाले. हे शाक्यपुत्रीय श्रमण साधे प्रत्युत्तरही देत नाहीत, असे म्हणू लागले. ही गोष्ट तथागतांच्या कानी गेली. त्यांनी सांगितले की, गृहस्थ लोक शुभाशुभ मानणारे असतात. त्यांनी तसे म्हटले तर तुम्ही 'चिरं जीव' असे म्हणावे, अशी मी अनुज्ञा देतो. आपण पत्रिकेवर मुलाच्या नावामागे 'चि.' लिहितो, तोच हा शब्द.

आपल्यातील काहींना ही तडजोड वाटेल. आम्हांस ती तशी वाटत नाही. शिंकेवर 'जीव' म्हटल्याने आयुष्य वाढत नाही, हे मत तथागतांनी कोठेही मागे घेतले नाही. संघापुरता नियमही तसाच ठेवला. पण सद्भावाने बोलणाऱ्याच्या तोंडावर मौन फेकणे म्हणजे विवेक नव्हे, हेही त्यांनी पाहिले. ज्याच्याशी बोलावयाचे तो आधीच दुखावला, तर कार्यकारणभाव त्याला कोण समजावणार?

मज्झिमनिकायातील अरणविभंगसुत्त याच्याही पुढे जाते. तेथे एका भांड्याची सात नावे दिली आहेत : पाति, पत्त, वित्थ, सराव, धारोप, पोण, पिसील. निरनिराळ्या जनपदांत एकाच वस्तूला ही निरनिराळी नावे आहेत. माणूस आपल्या जनपदाचे नाव घट्ट धरून बसतो आणि हेच खरे, बाकी सारे चूक, असे म्हणू लागतो, तेव्हा कलह होतो. ज्या गावी जे नाव चालते ते नाव घेऊन निर्विकारपणे व्यवहार करावा, असे तेथे सांगितले आहे; आणि त्याचबरोबर सर्वमान्य लोकव्यवहारही मोडू नये, असेही. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही याचे उदाहरण देतो : पुण्याकडे ज्याला पातेले म्हणतात त्याला मुंबईकडे टोप म्हणतात आणि नागपूरकडे गंज म्हणतात. गंज शब्द ऐकून पुण्याच्या मुलांना लोखंडावरचा तांबूस थर आठवतो आणि वर्गात हशा पिकतो. हशा ओसरल्यावर सुत्त समजते.

भाषेनंतर क्रम. अंगुत्तरनिकायात उदायीची गोष्ट आहे. उदायी मोठ्या गृहस्थसभेपुढे धम्म सांगत होता. आनंदाने ते तथागतांना सांगितले. तथागत म्हणाले की, दुसऱ्यास धम्म सांगणे सोपे नाही. आणि त्यांनी बोलणाऱ्यासाठी पाच गोष्टी सांगितल्या. क्रमाने बोलावे, कारणे दाखवीत बोलावे, करुणेने बोलावे, लाभावर डोळा ठेवून बोलू नये, स्वतःला वा दुसऱ्याला इजा होईल असे बोलू नये. खुद्द तथागतांची देशना सामान्य गृहस्थापुढे दान आणि शील यांपासून सुरू होई, आणि ऐकणाऱ्याचे चित्त तयार झाले आहे असे दिसल्यावरच चार आर्यसत्यांकडे जाई. संयुत्तनिकायात असिबंधकपुत्त ग्रामणीने विचारले की, आपण सर्वांवर अनुकंपा करता तर सर्वांना सारखाच धम्म का सांगत नाही? उत्तरादाखल तीन शेतांचा दृष्टांत आहे : उत्तम, मध्यम आणि खडकाळ खारट. शेतकरी तिसऱ्या शेतातही बी टाकतो. निदान गुरांना चारा होईल म्हणून. ऐकणाऱ्याला एक पदही समजले तरी ते दीर्घकाळ त्याच्या हिताचे होईल, असे तेथे म्हटले आहे.

तथागतांनंतर सुमारे दोन शतकांनी हा विचार दगडावर आला. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत राजाज्ञा एक असली तरी बोली एक नाही. गिरनारला 'राजा' आहे तर धौली आणि जौगडला 'लाजा'. शाहबाजगढी आणि मानसेहरा येथे लिपीच बदलून खरोष्ठी होते. १९५८ साली कंदाहारला सापडलेला लेख तर ग्रीक आणि अरामी या दोन भाषांत आहे. त्यात 'धम्म' हा मूळ शब्द ग्रीकांवर लादलेला नाही, तर त्यांच्याच भाषेतील 'युसेबिया' हा शब्द योजिला आहे. यवनाला त्याच्या शब्दात सांगितले. आपल्या सोपाऱ्यालाही हे लेख होते. आठव्या लेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ साली मिळाला. कलिंगातील स्वतंत्र लेखांत अशोकाने असे लिहिले आहे की, हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा, आणि मध्येही प्रसंग आला तर एकट्या माणसालाही ऐकवावा. अक्षर न ओळखणारा श्रोता गृहीत धरूनच हे लेख कोरले होते, हे उघड आहे.

पुढच्या शतकांत भारतातील अनेक बौद्ध संप्रदायांनी संस्कृत जवळ केली. विद्यापीठांतील वादसभा संस्कृतात चालत. तेथे उभे राहावयाचे तर दुसरा मार्ग नव्हता, असे समर्थन केले जाते आणि त्यात तथ्य आहे. पण कार्ले, जुन्नर, कान्हेरी येथे प्राकृतात आपले दान कोरणारा सुतार किंवा गंधी या वादसभांत कोठेच नव्हता. भारतातून धम्म लोपला त्याची कारणे अनेक आहेत. त्यांत हे एक मानावे लागेल. याउलट ब्रह्मदेशात निस्सय नावाची पद्धती रूढ झाली. तीत पालीचा एकेक शब्द आणि लगेच त्याचा ब्रह्मी अर्थ, असा मजकूर चालतो. सिंहलद्वीपात पाठ पालीत आणि देशना सिंहलीत. तेथे पाली आणि लोकभाषा हातात हात घालून राहिल्या.

महाराष्ट्रात धम्म परतला तो मराठीतून. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी १८९८ साली गौतम बुद्धांचे चरित्र मराठीत प्रसिद्ध केले. १९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्या चरित्राची प्रत त्यांना भेट दिली. त्या वाचनाचा आपल्या मनावर झालेला परिणाम बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. तेव्हा पाली जाणणारे मराठी लोक बोटांवर मोजण्याइतके होते. बुद्धचरित्र पालीतच वाचले पाहिजे, असा कोणी आग्रह धरला असता तर? त्यानंतर आले धर्मानंद कोसंबी. गोव्याच्या सांखवळ गावचा हा मनुष्य सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश पालथे घालून पाली शिकला आणि शिकलेले सारे मराठीत लिहीत बसला. त्यांचे 'भगवान बुद्ध' आज वाचले तरी भाषेत कोठे गाठ लागत नाही. १९३७ साली परळच्या कामगार वस्तीत त्यांनी विहार काढला, त्याला नाव दिले 'बहुजन विहार'.

बोधिसत्त्व बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधी सभेच्या नियतकालिकात बुद्ध आणि त्यांच्या धम्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. बौद्ध वाङ्मय इतके अफाट आहे की सामान्य माणसाने ते वाचावे कधी, ही अडचण त्यांनी तेथे मांडली. एकच ग्रंथ हवा आणि त्याची शैली सुबोध व मनाची पकड घेणारी हवी, असे म्हटले. तो ग्रंथ त्यांनीच लिहिला. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली तो प्रसिद्ध झाला. लहान लहान वाक्ये, प्रत्येकाला क्रमांक, संदर्भटीपा नाहीत. याविषयी विद्वानांनी नाके मुरडली. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना पाली स्थळे शोधून दिली, हे त्यांचे ऋण. परंतु टीपांचे ओझे न घालण्यात बाबासाहेबांचा काय हेतू होता, हे यमेळु-तेकुलांची गोष्ट वाचलेल्यास कळावयास हरकत नाही.

आणि १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरच्या त्या सोहळ्यात भाषा दोन होत्या. कुशिनाराहून आलेल्या महास्थविर चंद्रमणी यांनी त्रिशरण आणि पंचशील पालीत दिले. त्यानंतर बाबासाहेबांनी लाखो लोकांकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या त्या मराठीत. पालीने आम्हांला अडीच हजार वर्षांच्या संघाशी जोडले. मराठीने त्या दिवशी घरी परतल्यावर काय करावयाचे ते सांगितले. प्रतिज्ञा 'देवदेवता' एवढ्या मोघम शब्दावर थांबत नाहीत. गौरी-गणपती आहेत, राम-कृष्ण आहेत, श्राद्धपक्ष आणि पिंडदान आहे. घराघरांतील कोनाड्यात आणि वर्षाच्या पंचांगात जे होते त्याला त्याच्या घरच्या नावाने हाक मारली आहे. त्यावर अट्ठकथा लिहिण्याची कोणास गरज पडली नाही. बाबासाहेबांनी संकलित केलेल्या 'बौद्ध पूजापाठा'तही पालीबरोबर मराठी अर्थ दिलेला आहे, तोही याच दृष्टीने.

आता आपल्या विहारांकडे पाहू. वंदना बहुतेक ठिकाणी नेमाने होते, लहान मुलांनाही पाठ असते, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण किती ठिकाणी पालीनंतर अर्थ सांगितला जातो? वेळ नसतो, लग्नाला मंडळी ताटकळलेली असतात, माईक पुढच्या वक्त्याला हवा असतो. मग पाली तेवढी उरते. न समजणारी, लयबद्ध, पवित्र वाटणारी. छंदस् म्हणजे तरी याहून वेगळे काय होते? दुसरीकडे मराठी प्रवचने आहेत. त्यांतील काही ऐकताना आम्हां पाली शिकलेल्यांनाही कान टवकारावे लागतात, इतके त्यांत 'प्रतीत्यसमुत्पादाचे तत्त्वज्ञानात्मक अधिष्ठान' असते. अवघड शब्द वापरू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. निर्वाणाला निर्वाणच म्हणावे लागेल. पण जो शब्द ठेवावयाचा तो उघडून दाखविला पाहिजे, आणि हे काम पालीच्या अभ्यासकांचे आहे. अभिजात दर्जाबरोबर अध्यासने येतील, ग्रंथ निघतील. त्यांतून वंदनेच्या एकेका गाथेचा निस्सय वऱ्हाडीत, अहिराणीत, कोकणातल्या बोलीत का तयार होऊ नये?

हे काम सोपे नाही, याचे एक उदाहरण देतो. पाचव्या शीलाचा पाली पाठ सुरा, मेरय आणि मज्ज अशी मादक पेयांची तीन नावे घेतो आणि त्यांना पमादाचे स्थान म्हणतो. सतरावी प्रतिज्ञा मात्र दारू न पिण्याचे दोन-चार शब्दांत सांगून मोकळी होते. पाली कारण सांगते, मराठी कृती सांगते, दोन्ही हवेत. मराठी अर्थ देताना पमादाला 'प्रमाद' म्हणावे तर आजच्या मराठीत प्रमाद म्हणजे चूक. ऐकणाऱ्याला वाटते, दारू पिणे ही एक चूक आहे, आणि चुका तर सर्वांकडूनच होतात. पमाद म्हणजे तसे नव्हे. 'अनवधान' बरोबर आहे, पण तो शब्द पुस्तकातला. 'गाफीलपणा' नेमका बसतो. मात्र तो अरबीतून आला म्हणून धम्मग्रंथात नको म्हणणारे सज्जन आम्हांस भेटले आहेत. आम्ही वर्गात 'बेसावधपणा' सांगतो. विहारात 'भान सुटणे' असे म्हटले की, जिच्या घरात बाटली आली आहे त्या बाईला पुढचे समजावून सांगावे लागत नाही.